तळघरातील शालीन वेश

मनुष्य वस्त्रे कोणासाठी परिधान करतो, या प्रश्नाची उत्तरे आपल्याकडे विपुल आहेत. लज्जारक्षण, शीतोष्णाचे निवारण आणि सोयऱ्याधायऱ्यांत मान, ही त्यांतली ठळक. परंतु ज्या मनुष्यावर कचेरी उघडल्यापासून दिवे मालवेपर्यंत वाळवी आणि कसर यांखेरीज कोणाचीही नजर पडत नाही, त्याने सदऱ्याचे गळ्याचे बटण लावावे की न लावावे, याविषयी स्मृतिकारांनी मौन धारण केले आहे. आणि स्मृतिकार जेथे थांबतात तेथून शासकीय परिपत्रक बोलू लागते, हा आपल्या राज्यव्यवहाराचा जुना शिरस्ता आहे.

माझ्या चाकरीची बहुतेक वर्षे भोपाळच्या जवाहर चौकापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या एका कचेरीच्या तळघरात जात आली आहेत. कचेरीचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही; सांगितले तरी वाचकाला कचेरी सापडेल, तळघर सापडणार नाही. हा सारा परिसर सरकारदप्तरी तात्या टोपे नगर म्हणून नोंदलेला असला तरी भोपाळकर त्याला टी. टी. नगर एवढेच म्हणतात. ज्या सेनानीने १८५८ च्या जूनमध्ये ग्वाल्हेर सुटल्यापासून पुढच्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत इंग्रजांच्या फौजांना मध्य हिंदुस्थानभर रानोमाळ हिंडवले आणि जो अखेरीस सापडला तो केवळ फितुरीमुळे, त्याला आमच्या रिक्षावाल्यांनी दोन आद्याक्षरांत जेरबंद करून दाखवले आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्यप्रदेश राज्य अस्तित्वात आले, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्याकडे गेले, नागपूरचे राजधानीपद संपले, आणि तेथील दप्तराबरोबर तेथील पुष्कळ कारकूनही भोपाळला रवाना झाले; त्यांत माझे तीर्थरूप होते. ते आवक-जावक शाखेत, अर्जदारांच्या अगदी डोळ्यांसमोर बसत. त्यामुळे भर वैशाखात ते जो बंद गळ्याचा कोट घालीत, त्याला निदान प्रेक्षकवर्ग तरी होता. चिरंजीवांची नेमणूक मात्र मुहाफिजखान्यात झाली.

मुहाफिजखाना म्हणजे ज्या कागदांना जगण्याचे कारण उरलेले नाही आणि मरण्याची मंजुरी मिळालेली नाही, अशा कागदांचा मुक्काम. एकेक बस्ता तांबड्या खारव्यात बांधलेला, वर सुतळीची आडवी-उभी गाठ, गाठीखाली पुठ्ठ्याची चिठ्ठी आणि चिठ्ठीवर कोण्या दिवंगत मोहरिराचे वळणदार अक्षर. पुण्याच्या पेशवे दप्तरातले रुमाल ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा थाट ओळखीचा वाटेल. असा बस्ता फडताळावरून उतरवताना तो आधी छातीशी कवटाळावा लागतो, कारण खालची बाजू कुजलेली असली तर एखाद्या तहसिलीचा सबंध सालाचा वसूल पायांवर ओतला जातो. मग तो जमिनीवर ठेवून गाठ सोडायची, खारव्याची चारी टोके उलगडायची आणि मान फिरवून, श्वास रोखून पहिला पुठ्ठा उचलायचा. त्या क्षणी जी धूळ उठते ती तपकिरी असेल तर आत हस्तलिखित आहे, राखाडी असेल तर टंकलिखित, इतके ज्ञान आमच्या दप्तऱ्याला नुसत्या नाकाने होते. दोन बस्ते झाले की पांढऱ्या सदऱ्यावर पोटाच्या उंचीला एक आडवा तांबूस पट्टा उमटतो. तो न्यू मार्केटात मिळणाऱ्या कोणत्याही साबणाने जात नाही, हे आमच्या पाचही जणांच्या गृहलक्ष्मींनी स्वतंत्रपणे सिद्ध केलेले आहे.

म्हणून आमच्या येथे एक अलिखित वहिवाट पडली होती. सकाळी आल्याबरोबर प्रत्येकाने आपला सदरा आपल्या खिळ्याला टांगावा, बनियनवर यावे, कमरेला पंचा गुंडाळावा आणि मग सरकारच्या सेवेला लागावे. अंगभर, गाठ मारून, चिठ्ठी लावून वस्त्रे ल्यालेले असे त्या तळघरात कागदच काय ते असत. या व्यवस्थेविरुद्ध कागदांनी कधी तक्रार केल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

परिपत्रक आले ते अशा सुखी राज्यात. सर्व अधिकारी व कर्मचारी यांनी कार्यालयीन वेळेत पदाच्या गरिमेस अनुरूप असा शालीन व औपचारिक वेश धारण करावा, अन्यथा शिस्तभंगाची कार्यवाही प्रस्तावित करण्यात येईल, असा त्याचा मजकूर होता. या हुकमाला पूर्वपीठिका होती. २०२० साली मुख्यमंत्र्यांच्या एका दूरदृश्य बैठकीत कोणी अधिकारी टी-शर्टमध्ये झळकला, आणि पाठोपाठ ग्वाल्हेर संभागाच्या आयुक्तांनी जीन्स व टी-शर्ट यांना कचेऱ्यांतून हद्दपार करण्याचा आदेश काढला. त्याच वर्षी ८ डिसेंबरला महाराष्ट्र शासनानेही मंत्रालयापासून खालपर्यंतच्या सर्व कार्यालयांसाठी तसाच निर्णय काढला. गडद रंग नकोत, चित्रविचित्र नक्षी नको, पायांत स्लिपा नकोत, आणि आठवड्यातून निदान एकदा, शुक्रवारी, खादी असावी, इतक्या बारकाव्याने. पुढे काही महिन्यांतच जीन्सला माफी मिळाली, टी-शर्टला मिळाली नाही. कापडाच्या दोन जातींत एवढा भेद का व्हावा, हे मला आजवर उमगलेले नाही. जीन्सच्या बाजूने कोणी वजनदार वकील उभा राहिला असावा.

पण या सगळ्यांत निदान कोणीतरी कोणाला तरी पाहत होते. आमच्या दप्तऱ्याने नेमका हाच मुद्दा बडे बाबूंपुढे मांडला: "बाबूजी, अपन को यहाँ कौन देखने आ रहा है?" बडे बाबू मूळचे सागरचे, स्वभावाने सात्त्विक, आणि सेवानिवृत्तीला थोडे महिने उरल्यामुळे अधिकच सावध. ते म्हणाले, "भैया, सवाल देखने का नहीं है, परिपत्र का है." एवढ्या थोड्या शब्दांत राज्यशास्त्राचा इतका मोठा सिद्धान्त सांगितलेला मी अन्यत्र वाचलेला नाही.

खेरीज अदृश्यांनी सजावे ही अपेक्षा काही आमच्याच खात्याने शोधून काढलेली नाही. लंडनच्या बीबीसीने १९२६ साली आपल्या रेडिओच्या निवेदकांना सायंकाळी डिनर जॅकेट, म्हणजे मेजवानीचा काळा कोट, चढवूनच ध्वनिक्षेपकासमोर बसण्याचा दंडक घातला होता. श्रोत्यांना कोट दिसत नव्हता हे खरे. पण बीबीसीचे तेव्हाचे प्रमुख जॉन रीथसाहेब यांचा बहुधा असा विश्वास असावा की इस्त्रीची घडी आवाजात उतरते. यावर हसण्यापूर्वी मी स्वतःच्या घरात डोकावतो. महामारीच्या टाळेबंदीत माझा भाचा दिवाणखान्यातून जे परदेशी गिऱ्हाईक सांभाळीत असे, त्याच्यासाठी तो वर नेकटाय आणि खाली पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा अशा अर्धनारीश्वरी वेशात बसे. गिऱ्हाइकाने एकदा त्याला उठून खिडकी लावण्याची विनंती केली तेव्हा त्याने खिडकी नादुरुस्त असल्याचे सांगून वेळ निभावली.

भोपाळचा स्वतःचा दाखला तर याहून भारदस्त आहे. नबाब सुलतान जहान बेगम यांनी १९०१ पासून १९२६ पर्यंत या संस्थानावर राज्य केले ते पडद्यात राहून. १९११ च्या दिल्ली दरबाराच्या वेळची त्यांची छायाचित्रे प्रसिद्ध आहेत: आपादमस्तक बुरखा, आणि त्यावर मुकुट व सन्मानपदके. मुद्रा कोणाला दिसत नव्हती, पण हुद्दा सर्वांना दिसत होता. आणि राज्यकारभाराला तेवढे पुरत असले पाहिजे, कारण शाळा, दवाखाने, कायदे यांची त्या राजवटीतली कामगिरी मोकळ्या चेहऱ्याच्या पुष्कळ नृपतींना लाजवणारी आहे. मला बेगमसाहेबांच्या त्या वेशाचे फार कौतुक वाटते. आमच्या परिपत्रकाच्या कर्त्याने तोच कित्ता पुढे ठेवून, कर्मचाऱ्यांनी बनियनवर पदाचा बिल्ला लावावा, एवढीच आज्ञा केली असती, तर पदाची गरिमाही राखली गेली असती आणि सदरेही वाचले असते.

तसे व्हायचे नव्हते. महिनाअखेरीस अनुपालनाचा नमुना आला. त्यात अनुक्रमांक, नाव, पदनाम, वेशाचे स्वरूप, अभिप्राय असे रकाने होते, आणि तळाशी, आमच्या दुर्दैवाने, प्रत्येकाचे कार्यस्थळी काढलेले छायाचित्र जोडण्याची सूचना होती. साहेब स्वतः जिना उतरून आले असते तर प्रश्न मिटला असता. पण मुहाफिजखान्याचा जिना साहेबलोक बढती मिळण्यापूर्वी उतरत नाहीत, आणि बढती मिळाल्यावर त्यांची बदली होते. तेव्हा छायाचित्रे काढणे आले. पाहणी करता असे निष्पन्न झाले की खिळ्यांवर टांगलेल्या पाच सदऱ्यांपैकी चार सदऱ्यांना पूर्वोक्त तांबूस पट्ट्याने ग्रासले असून, गरिमेस अनुरूप असा सदरा फक्त दप्तऱ्यापाशी आहे. फिकट निळा, बारीक रेघांचा, मेहुण्याच्या लग्नात शिवलेला. दप्तरी सडपातळ आणि बडे बाबू स्थूल, त्यामुळे त्यांच्या वेळी पाठीमागची बाजू सुतळीने आवळण्याऐवजी सैल सोडून द्यावी लागली. परंतु छायाचित्र समोरून काढावयाचे असल्याने शालीनतेस बाध आला नाही. भिंत एकच बरी होती, जिच्यावर अग्निशामक यंत्र टांगलेले आहे. तिच्यापुढे आम्ही पाचही जण क्रमाक्रमाने, कमरेवर सदरा व कमरेखाली पंचा अशा रूपाने उभे राहिलो, आणि दप्तऱ्याच्या मुलीने त्याच्या मोबाइलमध्ये घालून दिलेल्या कसल्याशा युक्तीने प्रत्येकाचा चेहरा किंचित गोराही झाला.

अनुपालन वर गेले, आणि महिना उलटण्याच्या आत त्यावर आक्षेप आला. छायाचित्रांवरून सर्व कर्मचाऱ्यांस एकसारखे सदरे पुरविण्यात आल्याचे दिसून येते; तरी हा गणवेश कोणत्या लेखाशीर्षातून खरेदी केला, निविदा कधी मागविल्या, दरपत्रके किती आली आणि सक्षम अधिकाऱ्याची मान्यता कोणत्या दिनांकाची आहे, याचा खुलासा सात दिवसांत करावा. सदऱ्यांची मापे एकच कशी, असाही एक उपप्रश्न होता, त्यावरून छायाचित्रे अत्यंत बारकाईने पाहिली गेली होती यात संशय नाही. त्याच पाचही छायाचित्रांत, प्रत्येकाच्या उजव्या खांद्यावर, अग्निशामक यंत्राची चिठ्ठी आणि तिच्यावरील केव्हाच उलटून गेलेली मुदत सुस्पष्ट वाचता येत होती. आणि १२ जून २०२३ रोजी याच शहरात सातपुडा भवनाला आग लागून शासनाचे ढिगांनी दप्तर जळाल्याला फार काळ लोटला होता असेही नाही. पण परिपत्रक वेशासंबंधीचे होते, आणि यंत्राने कसलाच वेश धारण केलेला नव्हता.

खुलासा करणे कठीण होते. सदरा एकच आहे असे लिहावे तर चौघांचा वेश खोटा ठरतो; पाच आहेत असे लिहावे तर खरेदी बेकायदा ठरते. बडे बाबूंनी दोन दिवस विचार करून "साम्य योगायोगाचे आहे" असे लिहिले आणि प्रकरण तूर्त थोपवले. त्यांना निरोप देताना आम्ही शाल दिली; तिच्या पावतीची मूळ प्रत जपून ठेवली आहे.

तोवर दप्तऱ्याच्या मनात वेगळेच घोळत होते. केंद्र सरकारने २०१७ च्या जुलैपासून आपल्या गणवेशधारी शिपाई, मोटारचालक वगैरे नोकरांना धुलाईचे किरकोळ भत्ते मोडीत काढून वर्षाला ५,००० रुपयांचा पोशाख भत्ता लागू केला, ही बातमी त्याला मुखोद्गत होती, आणि राज्याच्या नोकराने काय पाप केले, हा त्याचा नित्याचा सवाल होता. त्याने रीतसर अर्ज केला की माझा खासगी सदरा अमुक दिनांकी पाच कर्मचाऱ्यांच्या अंगावर शासकीय कामी लावण्यात आला, सबब पाच जणांच्या घामाचा धुलाई खर्च मला मिळावा. मी त्याला परोपरीने समजावले की या अर्जामुळे "योगायोगाचे साम्य" उघडे पडेल. तो म्हणाला, "साहब, वो फाइल अलग है, ये अलग है." आणि तेच खरे निघाले. गणवेशाचे प्रकरण आस्थापना शाखेत आहे, धुलाईचे लेखा शाखेत. दोन्ही शाखा एकाच मजल्यावर, समोरासमोर असल्या तरी त्यांच्यात पत्रव्यवहार माझ्यामार्फत होतो. लेखा शाखेने आता एवढेच विचारले आहे की सदर सदरा शासकीय कामी लावण्यापूर्वी तशी लेखी मागणी कोणी केली होती. उत्तराचा मसुदा मी केला असून नव्या बडे बाबूंच्या सहीसाठी तो काल वर पाठवला.