तिकीटखिडकी तयार आहे

कोकणाला जागतिक दर्जाचं थीम पार्क हवं, असं दर निवडणुकीत कुणीतरी म्हणतंच. आमच्या रत्नागिरीशेजारच्या सिंधुदुर्गात, मालवण तालुक्यात तोंडवळी-वायंगणीच्या किनाऱ्यावर सी वर्ल्ड होणार होतं. परदेशी पर्यटक येणार होते, त्यांच्यामागून डॉलर येणार होते, डॉलरमागून रोजगार येणार होता. जमीन मात्र सगळ्यांच्या आधी जाणार होती. ज्यांची जाणार होती, त्यांनी ग्रामसभांतून नकार कळवला. मागितलेले एकर विरोध वाढेल तसे घटत गेले आणि घटता घटता प्रकल्प कागदावरच विरघळला. गाव, समुद्र आणि समुद्रातले मासे आपापल्या जागी आहेत. मी याला अपयश मानत नाही. वर्षानुवर्षं चर्चेत राहूनही एकसुद्धा खड्डा न पाडणारा असा दुसरा प्रकल्प कोकणात दाखवून द्या.

आणि मुळात आपल्याला वेगळं थीम पार्क हवंच कशाला? आपलं आहे की. पनवेलला सुरू होतं, झारापला संपतं. लांबी साधारण साडेचारशे किलोमीटर. वर्षभर उघडं, रात्रीही चालू, लहान-थोर सगळ्यांना प्रवेश. कागदोपत्री त्याला राष्ट्रीय महामार्ग 66 म्हणतात, जुन्या माणसांच्या तोंडी अजून 17 आहे. 17 चा 66 करण्याचं काम फार झपाट्याने झालं, हे इथे कबूल करायला हवं.

या पार्काच्या विस्ताराला 2011 मध्ये पनवेल-इंदापूर या 84 किलोमीटरच्या पट्ट्यात सुरुवात झाली. त्या वर्षी जन्मलेली मुलं आता दहावीच्या वयाला आली. शाळेने त्यांना दरवर्षी वरच्या वर्गात ढकललं, रस्ता मात्र त्याच इयत्तेत आहे. दोन पदर होते, चार करायला घेतले, आणि मधल्या काळात असलेला एक पदर सांभाळता सांभाळता गाडीवाल्यांची पुरेवाट झाली.

पार्काचा सर्वांत प्रेक्षणीय भाग आमच्या रत्नागिरी जिल्ह्याच्या वाट्याला आला, याचा आम्हाला रास्त अभिमान आहे. उत्तरेकडून शिरलात तर आधी कशेडी. इथे डोंगराच्या पोटातून बोगदा काढला. 2023 च्या गणपतीआधी त्याची एक बाजू छोट्या गाड्यांसाठी घाईघाईने खुली केली. पुढे पावसाळ्यात बोगद्याच्या छतातून पाणी गळायला लागलं. बाहेर पाऊस आणि आतही पाऊस! वॉटर पार्कसाठी लोक खोपोलीपर्यंत जातात आणि वर पैसेही मोजतात.

मग परशुराम घाट. वर परशुराम गाव, खाली पेढे, आणि मधोमध कापून उभा केलेला डोंगर, जो पावसाळा आला की आपण पूर्वी एकसंध होतो याची आठवण करून देतो. 2022 साली इथलं काम उरकण्यासाठी 25 एप्रिलपासून महिनाभर घाट रोज दुपारी 12 ते 5 बंद ठेवला होता. छोट्या गाड्या आंबडस-चिरणीच्या आडवाटेने लोट्याला निघायच्या आणि ट्रक रांगेत उभे राहायचे. अख्खा राष्ट्रीय महामार्ग जेवून वामकुक्षीला आडवा होतो, हे दृश्य पुण्यालाही जमलेलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच वेळापत्रक लागलं. महिन्याभराच्या झोपेने घाटाचं भागलं नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ.

घाट उतरलात की चिपळूणचा बहादूरशेख नाका. 16 ऑक्टोबर 2023 ला इथला बांधकामाधीन उड्डाणपूल तुळया आणि वरच्या क्रेनसकट खाली आला. जीवितहानी झाली नाही हे नशीब. नंतर तज्ज्ञ आले, चौकशी झाली, आणि दोन खांबांमधलं अंतर कमी करून मध्ये जादा खांब घालायचं ठरलं. दोन खांबांमध्ये अंतर किती असावं, ही गोष्ट पूल बांधण्याआधीही ठरवता येते, असं आमच्या आळीतल्या एका निवृत्त ओव्हरसियरचं मत आहे. पण ते जुन्या काळातले. त्या वेळी आधी नकाशा काढत आणि मग पूल बांधत.

तिथून दक्षिणेला आरवली ते कांटे आणि कांटे ते वाकेड असा सुमारे 90 किलोमीटरचा पट्टा लागतो. संगमेश्वर, हातखंबा, पाली, लांजा हे सगळं यात आलं. सिंधुदुर्गातला रस्ता बराच आधी झाला, इथला मात्र ठेकेदार बदलूनही होईना. डायव्हर्शन कुठे आहे हे रात्री फक्त एसटीच्या ड्रायव्हरला माहीत असतं. काल डावीकडून गेलेला रस्ता आज उजवीकडून जातो, परवा पुन्हा डावीकडे येतो. म्हणजे तेच तिकीट काढून रोज नवा खेळ.

तिकिटाचंही सांगतो. राजापूरजवळ हातिवल्याला टोलनाका झाला, आणि आरवलीपासून खाली रस्ता उखडलेला असतानाच वसुलीही सुरू झाली. लोक रस्त्यावर उतरले, वसुली थांबवावी लागली. जगातल्या कुठल्याही पार्कात आधी पाळणे उभे राहतात आणि मग तिकीटखिडकी उघडते. आम्ही हा क्रम मोडून काढला.

आता वेळापत्रकाकडे वळू. अमेरिकेत कॅलिफोर्नियात वॉल्ट डिस्नेने संत्र्याच्या बागा तोडून 1954 च्या जुलैत काम सुरू केलं आणि 17 जुलै 1955 ला डिस्नेलँडचं दार उघडलं. एक वर्ष. पहिल्या दिवशी फजितीही झाली. ताजं डांबर उन्हाने मऊ पडून बायकांच्या टाचा त्यात रुतल्या आणि पिण्याच्या पाण्याचे बरेच नळ कोरडे होते. हे वाचून आमच्याकडच्या कुणाही अभियंत्याला बंधुभाव वाटेल. फरक इतकाच की टाचा रुतायला तिथे वर्षभरात डांबर तरी पडलं होतं. डिस्ने असंही म्हणायचा की डिस्नेलँड कधीच पूर्ण होणार नाही, त्यात सतत भर पडत राहील. त्याच्या सगळ्या कारभारातून आपल्या खात्याने नेमकं एवढंच वाक्य उचललं.

आपल्याकडची मुदत तीन प्रकारची असते: मार्चअखेर, पावसाळ्यापूर्वी आणि गणपतीपूर्वी. पैकी मार्चअखेर ही बिलांसाठी असते आणि तेवढी एक काटेकोर पाळली जाते. पावसाळ्यापूर्वीचं आश्वासन पावसाळ्यात वाहून जातं, त्याचा पंचनामा होत नाही. खरी कोकणी मुदत म्हणजे गणपतीपूर्वी. चाकरमान्याला हीच एक तारीख कळते, म्हणून मंत्र्यांनाही हीच द्यावी लागते. गणपती जवळ आले की पाहणी दौरे निघतात, खडी पडते, मंत्री गाडीतून उतरून हाताने काहीतरी दाखवतात, शेजारचा अधिकारी त्या दिशेने पाहतो, फोटो येतो. गौरी-गणपती बुडाले की खडीही बुडते.

ओव्हरसियर काकांना मी विचारलं, "काका, गणपतीपूर्वी म्हणतात ते नेमकं का जमत नाही?"

"अरे, कसं जमेल?" ते म्हणाले. "ठेकेदार चालतो इंग्रजी कॅलेंडरवर आणि बाप्पा पंचांगावर. 2023 ला चतुर्थी 19 सप्टेंबरला होती, 2024 ला 7 सप्टेंबरला, 2025 ला 27 ऑगस्टला. दरवर्षी अकरा-बारा दिवस अलीकडे! बिचाऱ्याने काम केव्हा करायचं?"

"पण 2026 मध्ये ज्येष्ठ अधिक आहे. गणपती थेट 14 सप्टेंबरवर गेलेत."

"मग झालंच तर! अधिक महिन्यात जावयाला वाण द्यायचं असतं. ठेकेदार हा सरकारचा जावई, त्याला मुदतवाढ मिळेल. आणि धोंड्याचा महिना म्हणतात त्याला, तेव्हा धोंडे परशुराम घाटातून येतील."

काकांची ही उपपत्ती मी एका तरुण अभियंत्याला ऐकवली. तो हसला नाही. त्याने वहीत टिपून घेतली. पुढच्या प्रतिज्ञापत्रात भूसंपादन, पाऊस आणि वाळूटंचाई यांच्या खाली अधिक मास दिसला तर नवल वाटून घेऊ नका. उच्च न्यायालयात या रस्त्याची जनहित याचिका इतकी वर्षं चालली आहे की तारखा देण्याच्या बाबतीत खातं आणि न्यायालय यांची आता स्पर्धा म्हणावी लागेल.

केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी 2023 च्या मार्चमध्ये सांगितलं होतं की हा महामार्ग त्याच वर्षीच्या डिसेंबरपर्यंत पूर्ण होईल. 2025 च्या एप्रिलमध्ये त्यांनीच सांगितलं की येत्या जूनपर्यंत शंभर टक्के पूर्ण होईल. दोन्ही विधानं आत्मविश्वासाने केलेली होती, दोन्हींना टाळ्या पडल्या. तारीख जाहीर होणं हाच आपल्याकडे कार्यक्रम असतो, हे चिपीच्या विमानतळानेही दाखवून दिलं आहे. तिथे 2019 च्या मार्चमध्ये उद्घाटन झालं आणि प्रवाशांचं विमान उडालं 2021 च्या ऑक्टोबरमध्ये, पुन्हा एकदा उद्घाटन करून. दोन समारंभ, दोन मंडप, दोन वेळचं जेवण. विमान एकच.

सरकारी मुदतीची वाट पाहण्याची परंपरा रत्नागिरीत तशी नवी नाही. तिचा पहिला मानकरी थिबा राजा. 1885 मध्ये इंग्रजांनी त्याचं ब्रह्मदेशाचं राज्य घेतलं आणि 1886 च्या एप्रिलात त्याला इथे आणून ठेवलं. राजाला साजेसा राजवाडा त्याला मिळाला तो 1910 मध्ये. 24 वर्षं तो दुसरीकडे दिवस काढत होता, पत्रं लिहीत होता, खर्चाची मंजुरी कुठे अडली ते विचारत होता. नव्या राजवाड्यात जेमतेम सहा वर्षं राहून 1916 च्या डिसेंबरात वारला. राज्य घ्यायला इंग्रजांना पंधरवडा लागला होता. घेण्याची आणि देण्याची गती एक नसते, हे रत्नागिरीने तेव्हाच पाहून ठेवलंय.

पण हसण्यावारी नेता येत नाही असं एक प्रकरण याच रस्त्यावर आहे. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या आमच्याच जिल्ह्यातून निघालेल्या दोन एसटी गाड्या त्यात गेल्या. नवीन पूल 180 दिवसांत बांधू असं सांगितलं गेलं, आणि तो 165 दिवसांत बांधला. 5 जून 2017 ला वाहतूक सुरू झाली. तोच रस्ता, तेच खातं, तोच पाऊस, तेच गडकरी. म्हणजे यांना येतं. सगळ्या देशाचं लक्ष होतं आणि माणसं गेली होती, तेव्हा आलं.

कोकण रेल्वेचं उदाहरण तर घराघरात आहे. 19 जुलै 1990 ला महामंडळ स्थापन झालं, पाच वर्षांचं उद्दिष्ट होतं, लागली साडेसात. 26 जानेवारी 1998 ला 741 किलोमीटरचा सगळा मार्ग खुला झाला. उशीर झाला होताच, पण त्या उशिराच्या बदल्यात करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आहे आणि पानवळ नदीवरचा 64 मीटर उंच पूल आहे. हेच डोंगर, हीच लाल माती, हाच धो-धो पाऊस. कोकणचा भूगोल कठीण आहे म्हणून रस्ता होत नाही, हे सांगणाऱ्याने रत्नागिरीहून चिपळूणपर्यंत एकदा रेल्वेने जाऊन यावं. खिडकीतून काही ठिकाणी महामार्गही दिसतो, त्यामुळे तुलना जाग्यावरच करता येईल.

तेव्हा आमची मागणी साधी आहे. नवीन तारीख नको, जुन्यांचा हिशेब ठेवा. हातखंब्याच्या तिठ्यावर एक मोठा फलक लावा. या महामार्गासाठी आजवर जाहीर झालेली प्रत्येक मुदत त्यावर ऑइलपेंटने लिहा, पुढे ती देणाऱ्याचं नाव आणि हुद्दा. जुनी तारीख पुसायची नाही, नवी तिच्याखाली लिहायची. फलक पुरला नाही तर शेजारी दुसरा लावा, जागा भरपूर आहे, भूसंपादन केव्हाच झालंय. रंगाचा आणि शिडीचा खर्च आम्ही रत्नागिरीकर वर्गणी काढून देऊ. सही करायला मात्र तारीख देणाऱ्याने स्वतः यावं, आणि मुंबईहून रस्त्याने यावं.