खडखडीचं व्याकरण

आठवीच्या वर्गाला मी अठ्ठावीस वर्षं अभ्यस्त शब्द शिकवले. पूर्णाभ्यस्त, अंशाभ्यस्त आणि अनुकरणवाचक. खडखड, खळखळ, खणखण, खुळखुळ यांतला फरक आपण झोपेतही सांगू, असा माझा समज होता. तो खंबाटकी घाटात गळून पडला.

पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो. चढ लागला, अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि गाडीच्या पोटातून आवाज आला. पाय उचलला, बंद. दाबला, चालू. मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्नवर हात ठेवला, तोवर हा प्रयोग सहा वेळा झाला होता.

"डिकीत काहीतरी वाजतंय," ही म्हणाली.

घरी आल्यावर डिकी रिकामी केली. छत्री, जॅक, पाना आणि एक स्टीलचा डबा निघाला. शेजारच्या वहिनींनी परत केला नाही म्हणून ज्याच्यापायी दोन वर्षं अबोला होता, तोच डबा. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि तो पुन्हा डिकीत ठेवला. आवाज मात्र त्याचा नव्हता.

मग तज्ज्ञ जमले. साडूंनी बॉनेटवर कान टेकवून इंजिन संपल्याचं जाहीर केलं आणि 'मिळेल त्या भावाला काढा, मीच घेतो' अशी माया दाखवली. समोरच्या निवृत्त तहसीलदारांनी पेट्रोलला दोष दिला. पेट्रोल बदललं, आवाज तोच. शेवटी गॅरेज गाठलं.

"काय होतंय, सर?" मिस्त्रींनी विचारलं.

"खडखड आहे," मी म्हणालो, "पण तिला खुळखुळीची छटा आहे. शेवटी किंचित झणझण."

मिस्त्री हात पुसत राहिले. "तोंडानं काढून दाखवा."

मी काढून दाखवला. नीट ऐकू यावं म्हणून पोऱ्यानं कॉम्प्रेसर बंद केला. मग म्हणाला, "हा तर टेम्पोचा झाला."

"कसा येतो ते राहू द्या, सर," मिस्त्री म्हणाले. "कधी येतो ते सांगा."

आणि त्यांनी माझी तोंडी परीक्षा घेतली. सकाळी गार इंजिन चालू करताच येतो? मग टायमिंग चेन बघावी लागते. खड्ड्यात येतो? लिंक रॉड नाहीतर बुश. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर कटकट होते? अ‍ॅक्सलचा जॉइंट. चढावर वरच्या गिअरमध्ये गाडी रेटताना डब्यात खडे हलवल्यासारखा येतो? मग सिलिंडरमधलं पेट्रोल वेळेआधी, वेडंवाकडं पेटतंय. गिअर उतरवा, तरी गेला नाही तर गाडी आणा.

मी गप्प. मी आयुष्यभर रीतिवाचक क्रियाविशेषणाच्या मागे लागलो होतो आणि या माणसाचा सगळा धंदा कालवाचकावर चालला होता.

"रेस देताना येतो," मी नम्रपणे म्हणालो. "काटा दोन हजार चारशेच्या आसपास असताना. पुढं गेला की बंद."

"मग बोला ना तसं!"

गाडी गार होऊ दिली. मग खड्ड्यावर घेतली आणि मिस्त्री खाली उतरले. रबरी हातोडीनं सायलेन्सरची नळी पुढून मागे ठोकत निघाले. पुढच्या डब्यावर थांबून कान दिला. "आत खळखळ असती तर आतली जाळी फुटली असती. मोठा खर्च होता." मी श्वास सोडला. पुढं आणखी एक टकटक, आणि झर्रर्र! तोच, घाटातला, माझा!

नळीवर एक पातळ पत्रा असतो. सायलेन्सरची धग गाडीच्या तळाला लागू नये म्हणून बसवलेला. त्याचा एक बोल्ट गंजून गेला होता आणि पत्रा एका कानावर लोंबत होता. चार सिलिंडरचं इंजिन दर फेऱ्याला दोन ठोके देतं. मिनिटाला 2,400 फेरे म्हणजे सेकंदाला 80 ठोके. नेमक्या त्याच तालावर हा पत्रा नाचत होता. मिक्सर एका ठरावीक वेगाला आला की फडताळातली एकच ताटली वाजते, तसा. त्यात चढावर इंजिनावर भार पडला की ते माउंटिंगवर जरा कलतं, नळीलाही ओढतं आणि पत्रा नळीला चिकटतो.

"काढूनच टाका की," मी म्हणालो.

"नको सर. वाळलेल्या गवतावर गाडी लावलीत तर पेट घेईल."

त्यांनी मोठा वायसर घालून नवा बोल्ट आवळला, मधोमध स्टीलची क्लिप बसवली. दीडशे रुपये. साडूंच्या हिशेबानं माझं आख्खं इंजिन वाचलं.

पुढच्या रविवारी पुन्हा घाट चढलो. पत्र्यानं हूं की चूं केलं नाही. वर आल्यावर मी हिला गर्वानं सगळा सिद्धांत सांगितला: आवाज कसा आहे ते विचारू नये, कधी येतो ते विचारावं, भार पडला की येत असेल तर काहीतरी ढिलं झालेलं असतं.

ही शांतपणे बाहेर बघत होती. "खरं आहे," म्हणाली. "तुमची कुरकुरही एरवी नसते. घरी गेल्यावर तो डबा वहिनींना नेऊन दाखवा, म्हटलं की येते."

मी तोंड उघडलं, आणि लगेच मिटलं.