उजेड आमचा, डोळे तुमचे

आदिलाबाद जिल्ह्यात रात्री गाड्यांचे हेडलाईट फोडण्याचं काम रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, अंगावर घेतलं आहे आणि ते चोख करतात. तुरीतून एक उडी, की बंपरसकट हेडलाईटचा डावा डूम रस्त्यावर. नवा डूम बसवायचं काम मात्र माणसांकडे असतं. घोटाळा तिथून सुरू होतो.

कंपनीचा डूम महाग, म्हणून ‘सेम टू सेम’ येतो. मागची पट्टी रोह्याच्या धडकेने वाकलेली. ती हातोडीने अंदाजे सरळ होते. एक क्लिप तुटलेली, तिच्या जागी तार. मग भर दुपारी, लख्ख उन्हात, दिव्यासमोर तळहात धरून तपासणी. ‘जल रा ना साब?’ जळत असतो. ‘फिर?’ या ‘फिर’पुढे भल्याभल्यांचं काही चालत नाही. रात्री कळतं, की उजवा दिवा रस्ता बघतोय आणि डावा पैनगंगेपलीकडच्या टिपेश्वरचा वाघ येताना दिसतो का ते.

मालक तरीही खूश. ‘आता लांबचं दिसतं!’ दिसणारच. लिंबाचे शेंडे दिसतात, विजेच्या तारा दिसतात, तारांवरची वटवाघळं दिसतात. खड्डा तेवढा दिसत नाही, कारण तो अजून जमिनीवरच पडतो.

चव्वेचाळीस नंबरच्या महामार्गावर मधे दुभाजक आहे, निदान अब्रू झाकली जाते. खरा सामना जैनथवरून बेल्याला जाताना. समोरचा डिपर मारतो, म्हणजे ‘बाबा, अप्पर खाली घे’. आमचा अप्पर नसतोच! अपमान झालेला माणूस मग खरा अप्पर मारून दाखवतो: बघ, याला म्हणतात अप्पर. समोरचाही मानी असतो. दोघे डोळे मिटून एकमेकांच्या कुळाचा उद्धार करत पुढे निघतात, आणि मधल्या मोटारसायकलवाल्याने कडेच्या चिखलात उतरून दोघांची पत राखायची. डिपरची विनंती ट्रकांवर रंगवलेली असते, पण पाठीमागे. समोरून येणाऱ्याला ती वाचता येत नाही, आणि आता तर काहीच दिसत नाही.

त्यात पांढऱ्या एलईडीची हौस. हॅलोजनच्या डूममधला आरसा बल्बच्या तारेची जागा धरून घडवलेला असतो. तिथे एलईडी खोचला की प्रकाश ठरल्या जागेवरून निघत नाही आणि चौफेर उधळतो. वरातीला चांगला.

कायदा नाही असं समजू नका. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, नियम १०६. दिव्यापासून ८ मीटर पुढे, उजवीकडे ०.५ मीटर आणि जमिनीपासून १.५ मीटर उंच असलेला डोळा दिपता कामा नये. इतका नेमका डोळा सरकारने दुसऱ्या कुठल्या कामात ठेवल्याचं आठवत नाही. त्या डोळ्याने टेप घेऊन बरोबर जागेवर उभं राहावं आणि मग तक्रार करावी, एवढीच अपेक्षा. आमच्या गाड्यांची पाटी एपी ०१ ची टीएस ०१ झाली, २०२४ पासून नव्या गाड्यांना टीजी ०१ लागलं. २०१६ साली एका जिल्ह्याचे चार झाले. पाट्या सरळ करण्यात आमचा हात कुणी धरणार नाही. पाटीच्या वर वीतभर असलेल्या दिव्याकडे तेवढं कुणाचं लक्ष गेलं नाही.

आणि काम केवढं? डूमच्या मागे बहुधा दोन स्क्रू असतात: एक वर-खाली, एक डावी-उजवी. सपाट जागा, समोर भिंत, अंतर १० मीटर. चाकांत हवा बरोबर, चालक सीटवर. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर खडूने आडवी रेघ मारायची. डिपरचा उजेड त्या रेघेखाली साधारण १० सेंटिमीटरवर कापल्यासारखा थांबला पाहिजे. डावीकडे तो थोडा वर चढतो. पायी जाणारा माणूस दिसावा म्हणून तशी सोय असते. उजवीकडे चढत असेल तर तुमचा डूम उजव्या बाजूने गाड्या चालवणाऱ्या देशासाठी बनला आहे, त्याला कुठलाही स्क्रू वाचवणार नाही. आणि स्क्रू फिरूनही उजेड हलत नसेल, तर ती वाकलेली पट्टी आणि ती तार आठवा.

अनेक गाड्यांत स्टिअरिंगच्या बाजूला ० ते ३ आकड्यांचं एक छोटं चाक असतं. आपल्याकडे ते एसीचं असल्याची समजूत आहे. नागोबाच्या जत्रेला केसलापूरला निघताना मागे आजी, आत्या, पोती, भांडी भरली की गाडीचं नाक वर होतं. तेव्हा उजेड खाली आणायला ते चाक दिलेलं आहे. फिरवून बघा, बिल येत नाही.

उरला प्रश्न सपाट जमिनीचा आणि कोऱ्या भिंतीचा. आदिलाबादच्या जिनिंग कारखान्यांकडे दोन्ही आहेत, आणि कापसाचा हंगाम सरला की रिकामी असतात. तेव्हा मालकांना जाहीर विनंती: उन्हाळ्यात आठवड्यातून एक संध्याकाळ फाटक उघडं ठेवा. रेघ ज्याची त्याने मारावी. खडूचा खर्च या सदराकडे.