ताई, मूल कुणाचं?

नेरूळला लोकलमध्ये शिरून चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकलं, की मी कानात इअरफोन खुपसते आणि कोरियन शिकते. वय 52. लेक रात्रंदिवस कोरियन मालिका बघते. खालची इंग्रजी ओळ मी वाचेपर्यंत नायक रडून निघून गेलेला असतो, म्हणून हा उद्योग.

धडे 'टॉक टू मी इन कोरियन'चे, 2009 साली सुरू झालेले. शिकवणारे गप्पा मारता मारता शिकवतात. सानपाड्यापासून वाशीच्या पुलापर्यंत एखादंच वाक्य होतं, पण ते डोक्यात बसतं.

लिपी त्यांच्या सेजोंग राजाची, 1446 साली जाहीर झालेली. मूळ अक्षरं आज 24. शहाण्याला ती सकाळ सरायच्या आत येते आणि मठ्ठालाही दहा दिवसांत, असं त्याच्याच दरबारी पंडितांनी लिहून ठेवलंय. मला सव्वीस दिवस लागले. त्यातले चार रविवार मेगाब्लॉकचे, ते धरू नयेत.

व्याकरण मात्र माहेरचं निघालं. क्रियापद शेवटी! 'मी भात खाते' हे त्याच क्रमाने म्हणायचं. शेवटी 'यो' लावला की आदर झाला, आपल्या 'काय हो'सारखा. अर्धं आयुष्य इंग्रजीत क्रियापद आधी फेकण्यात गेलं, त्याचं आता वाईट वाटतं.

गोची शब्दांची. आई म्हणजे मूल. मुल म्हणजे पाणी. भाताला माझ्या कानांना ऐकू येतं 'बाप'. बाबांना अप्पा म्हणतात, तेवढं एक नातं जागेवर आहे.

परवा मानखुर्दला मी तंद्रीत मोठ्याने म्हणाले, "मुल जुसेयो!" म्हणजे पाणी द्या. आख्खा लेडीज डबा वळला.

"ताई, मूल कुणाचं?" शेजारणीने विचारलं.

"आता या वयात कशाला हो?" समोरून आलं.

दाराजवळच्या कॉलेजच्या पोरीने मात्र एक शब्द न बोलता पाण्याची बाटली पुढे केली.

या यशाने मी घरीही चालू झाले. रात्री मुलगा पोळ्यांचा डबा घेऊन आला. "आई, वाढू का अजून?"

"ने," मी म्हणाले. कोरियनमध्ये हो.

त्याने डबा उचलून आत नेला. मी बापावर भागवलं.