सेवानिवृत्त श्वानाचा अर्ज

आपल्या वाङ्मयातील गृहनिर्माण संस्थेचा पहिला सचिव म्हणून देवराज इंद्राचेच नाव घ्यावे लागेल. हस्तिनापुराहून पायी निघालेल्या आणि वाटेत द्रौपदीसह चारही भाऊ एकामागून एक कोसळलेले पाहिलेल्या धर्मराजास रथात घेण्यासाठी तो जातीने खाली उतरला खरा. परंतु शेजारी उभ्या असलेल्या कुत्र्यावर दृष्टी पडताच, श्वानधारकांस स्वर्गात जागा देण्याचा शिरस्ता नाही, हे त्याने ज्या तत्परतेने सांगितले, त्या तत्परतेत आजच्या कोणत्याही कार्यकारिणीस आपले मूळपुरुष सापडावेत. त्या कुत्र्याचे वय व्यासांनी नमूद केलेले नाही. तथापि एवढी वाट तुडवून जो तेथवर पोचला, तो काही दोन महिन्यांचा नसावा. आणि धर्मराजानेही त्याची वंशावळ न विचारता, तो आश्रयास आला आहे एवढ्याच सबबीवर स्वर्ग नाकारला. हा दाखला आम्ही आमच्या सोसायटीच्या विशेष सर्वसाधारण सभेत मोठ्या आवाजात दिला. पुढे तो कुत्रा साक्षात यमधर्म निघाला, एवढा भाग मात्र गाळला. कारण उपस्थितांपैकी बहुतेक सभासद सत्तरी ओलांडलेले होते.

सभेचे कारण असे, की पुण्याबाहेरच्या एका प्राणी-निवाऱ्यातील सुमारे अकरा वर्षांचा लॅब्रॅडॉर घरी आणण्याचा मानस आम्ही लेखी अर्जाद्वारे कळविला होता. पिल्लू असते तर हरकत नव्हती, असे अध्यक्षांनी आरंभीच स्पष्ट केले. हरकत वयाची होती. कुत्र्यास कमी ऐकू येते, असा पहिला आक्षेप आला, आणि तो मागच्या रांगेतील तिघा सभासदांसाठी दोनदा पुन्हा सांगावा लागला. तो सावकाश चालतो, त्यामुळे लिफ्टचे दार फार वेळ उघडे राहील, त्यास रात्री दोन-तीनदा लघुशंकेस जावे लागते, तो खोकतो, तो जिन्यात मध्येच बसून घेतो, आणि त्याजपासून सोसायटीस कसलेही उत्पन्न नाही, असे एकेक मुद्दे एकेका ज्येष्ठ सभासदाने खुर्चीच्या दांडीवर भार टाकून, सावकाश उठून, मध्ये खोकून मांडले. "आणि उद्या हा आजारी पडला, तर याचे बघणार कोण?" असे खजिनदारांनी विचारले, तेव्हा मात्र सभेत काही क्षण कोणी बोलेना. ज्यांची मुले न्यू जर्सीस किंवा मेलबर्नला असतात, अशांनी ती सभा निम्मी भरलेली होती.

भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाने २०१५ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, बहुमताने ठराव करूनही सभासदास पाळीव कुत्रा ठेवण्याची मनाई करता येत नाही आणि त्यास लिफ्ट नाकारता येत नाही, हे आम्ही वाचून दाखविले. सूचना दप्तरी दाखल करण्यात आल्या. सोसायटीच्या कचेरीत, कोरडी भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची तसबीर आहे. तिच्या नेमकी खाली, भटक्या कुत्र्यांस अन्न घालणाऱ्याकडून दंड वसूल केला जाईल, अशी नोटीस डकविलेली आहे. तसबिरीस हार घालणारा आणि नोटीस डकविणारा शिपाई एकच.

असे उतारवयातील खानदानी श्वान निवाऱ्यात येतात कोठून, याची चौकशी मनोरंजक आहे. लॅब्रॅडॉरचे आयुष्य साधारण दहा-बारा वर्षांचे. सात-आठ वर्षांचा झाला की तो वृद्धांत जमा. नेमक्या त्याच सुमारास मालकाची बदली होते, नव्या सदनिकेत संगमरवर बसतो, सुनेस दिवस जातात. आणि एके सायंकाळी कुत्रा मोटारीतून हमरस्त्यावर उतरतो, किंवा निवाऱ्याच्या फाटकास गळपट्ट्यासह बांधलेला आढळतो. प्राण्यास असे निराधार सोडून देणे हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११व्या कलमाखाली गुन्हा असून, प्रथम अपराधास कमीत कमी दहा आणि जास्तीत जास्त पन्नास रुपये दंड आहे. सहा दशके उलटून गेली, महागाईने कोणास सोडले नाही, पण या आकड्यास तिने हात लावलेला नाही. महाराष्ट्रात मोटार मनाईच्या जागी उभी केल्यास पहिल्या खेपेस पाचशे रुपये पडतात. म्हणजे मोटार नको तेथे ठेवणे हा, त्याच मोटारीतून कुत्रा नको तेथे उतरविण्याहून, निदान दसपट घोर अपराध ठरतो.

निवाऱ्याच्या मंडळींनी आमची केलेली झडती याउलट कसून होती. आधार कार्ड, बाल्कनीचे कठडे, दिवसाकाठी घरी कोण असते, गावी गेल्यास कुत्रा कोणाकडे राहील, या साऱ्याची नोंद होऊन, कुत्रा परस्पर कोणास देणार नाही असा मुचलकाही लिहून घेण्यात आला. ज्याने हेच जनावर पिल्लू असताना विकले, त्याने बहुधा रोख की चेक, एवढेच विचारले असेल.

अखेर तो लॅब्रॅडॉर, नाव राजा, घरी आला. डोळ्यांवरल्या निळसर झाकेसह त्याची सारी हकिकत पशुवैद्यांनी कागदावर उतरविली: सांधे धरलेले, दातांवर कीट, वजन जास्त, मूत्रपिंडे तूर्त ठीक. कोपरांवर कठीण जागी झोपून झोपून पडलेले काळे घट्टे आहेत. उठताना तो आधी पुढले पाय रोवतो, थोडा थांबतो, आणि मग मागचा भाग वर घेतो. चप्पल चावीत नाही, घंटी वाजली तर भुंकत नाही, कारण ती त्यास ऐकूच येत नाही. पण समोर तळहात धरला, की पंजा उचलून त्यावर ठेवतो, आणि आपण तळहात परत मागेपर्यंत पंजा काढून घेत नाही. ही रीत त्यास कोणीतरी, कधीतरी, बिस्किटे खर्चून आणि पुष्कळ सबुरीने शिकविलेली आहे. बहुधा ज्याने फाटकाशी दोरीची गाठ मारली, त्यानेच.

सभेचा फैसलाही कळविणे प्राप्त आहे. कुत्र्यास सहा महिन्यांपुरती, प्रायोगिक तत्त्वावर परवानगी मिळाली. आणि कोषागारातून निवृत्त झालेल्या एका सभासदाच्या उपसूचनेनुसार, मालकाने दर नोव्हेंबरात कुत्र्याच्या हयातीचा दाखला सादर करावा, असे ठरले. उपसूचना एकमताने संमत झाली. अनुमोदन आमचेच होते.

ज्या वाचकांस कुत्रा पाळावयाचा आहे, त्यांनी निवाऱ्यात गेल्यावर पिल्लांच्या पिंजऱ्यापाशी जी गर्दी असते ती खुशाल असू द्यावी, आणि रांगेच्या टोकापर्यंत चालत जावे. किती दिवस जगेल, हा प्रश्न तेथे विचारू नये. त्याचे उत्तर पिल्लाच्या बाबतीतही कोणी लिहून देत नाही. निघण्यापूर्वी घरातील दोन जुन्या सतरंज्या मात्र काढून ठेवाव्यात. गुळगुळीत फरशीवर म्हाताऱ्या कुत्र्याचे मागले पाय घसरतात.