गोधडीतला चेट बेकर

शेहेचाळिसाव्या वर्षी ट्रम्पेट शिकायला घेतलेल्या माणसाला बायको आधी हसते आणि मग दारं लावून घेते. आमच्याकडे सध्या दारं लावलेली असतात. माझा सूर कसा आहे, हे सोसायटीच्या वॉचमनने एका शब्दात सांगितलं : "कडक!" मी रविवारी सकाळी रियाझाला बसलो की तळमजल्यावरचे आजोबा पाण्याचा टँकर आला समजून बादल्या काढतात.

गोव्याच्या ट्रम्पेटवादक चिक चॉकलेटला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. सी. रामचंद्रांचं संगीत असलेल्या 'अलबेला'त (1951) तो पडद्यावरही दिसतो. पण तो लखलखाट मला नको होता. लखलखाट माझ्याकडे नको तितका होता. मला वाजवायचं होतं चेट बेकरसारखं. मऊ, गडद, रात्री दोनच्या पुढचं.

दोष माझा नसून माउथपीसचा आहे, हा निष्कर्ष मी अर्ध्या तासात काढला. (याला मराठीत मुखपत्र म्हणावं, तर ते पक्षांकडे असतं आणि त्याचा सूर वरूनच ठरून येतो.) माउथपीसचा कप उथळ असेल तर वरचे उपस्वर उसळतात आणि आवाज झगझगीत होतो. कप खोल असेल तर ते दबतात, आवाज गडद होतो. फ्लूगलहॉर्नचं माउथपीस नरसाळ्यासारखं खोल असतं, म्हणून ते वाद्य मखमली वाटतं. इथवर माझं बरोबर होतं.

मग आकडे आले. व्हिन्सेंट बाख (तो योहान सेबास्टियन वेगळा) यांच्या पद्धतीत आकडा लहान तितका व्यास मोठा, आणि अक्षर ए-च्या जितकं जवळ तितका कप खोल. नवशिक्याला मिळणाऱ्या 7सी-चा व्यास 16.20 मिलिमीटर, 3सी-चा 16.30. म्हणजे फरक एक दशांश मिलिमीटरचा. एवढ्याशा फरकासाठी माणसं रात्र-रात्र जागतात हे वाचून मी मनसोक्त हसलो आणि पहाटे तीन वाजता 1बी मागवलं.

पार्सल आलं. पहिली फुंक मारली, तर कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येते तशी नुसती वाफ. चार दिवसांनी सूर लागला, तोही उतरलेला. वरचा सा तर दिसेनासाच झाला. ट्यूनिंग स्लाइड पूर्ण आत ढकलली, तरी मोबाइलवरच्या ट्यूनरचा काटा काही वर येईना. नळी आणखी थोडी आखूड व्हावी म्हणून मी माउथपीसवर तळहाताने दोन दणके दिले. ते रुतून बसलं. काटा होता तिथेच राहिला.

रुतलेलं माउथपीस काढायला खास पुलर मिळतो. आमच्या गल्लीत प्लंबर मिळतो. त्याने ट्रम्पेट उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "साहेब, गळतंय कुठून?" मग फडकं गुंडाळून पाना लावला, एक हिसका दिला आणि दीडशे रुपये घेतले. निघताना म्हणाला, "वायसर बदलून घ्या."

निमूटपणे 7सी परत लावलं. त्याच संध्याकाळी हिची मैत्रीण येणार होती. "अहो, वाजवायचंच असेल तर आतल्या खोलीत, कपाटात तोंड घालून वाजवा," हिने फर्मावलं. कपाटात गोधड्यांची चळत होती. ट्रम्पेटचं तोंड त्यांच्याकडे करून मी एक लांब सूर धरला आणि दचकलोच. मऊ. गडद. वरचे सगळे उपस्वर त्या जुन्या लुगड्यांनी पिऊन टाकले होते. दार किलकिलं झालं. "आज बरं वाजतंय हो. नवीन काही आणलंत का?"

"तुझ्या आईची गोधडी," मी म्हणालो.

पुढे काय बोलणं झालं ते सांगत नाही. आता रोज तासभर मी कपाटात वाजवतो आणि आजोबांच्या बादल्या मोरीतच असतात. घोर एकच आहे, डिसेंबरात गोधड्या पांघरायला निघतात.

कोणाला 1बी हवं असेल तर अर्ध्या किमतीत देईन. वापर फक्त नऊ दिवस. दांड्यावर पान्याचे दोन वण आहेत.