घोयऱ्याला जागा पाहिजे

घोयरा सरड्याचं पिल्लू पाळावंसं वाटतं ते प्राणिप्रेमापोटी नव्हे, मिरवण्यापोटी, असं माझं स्वतःच्या स्वभावावरून बनलेलं ठाम मत आहे. कुत्री काय, आमच्या माण गावातल्या प्रत्येक सोसायटीत आहेत. खांद्यावर घोयरा घेऊन लिफ्टमध्ये शिरणारा मात्र एकच असेल आणि तो मी असावा, एवढीच मूळ तळमळ. अडचण अशी, की ज्याच्या जिवावर मिरवायचं त्याचे दोन डोळे दोन दिशांना फिरतात आणि त्यातला एकही कौतुकानं आपल्याकडे वळत नाही.

शिवाय त्याच्या घराच्या अटी ऐका. काचेची पेटी चालत नाही. हवा कोंडते आणि काचेतल्या स्वतःलाच परका समजून तो फुगतो. चहूबाजूंनी जाळी हवी, उंची हवी, इवल्या पंज्यात मावतील अशा काटक्या हव्यात, कोवळं ऊन हवं आणि शेजारी दुसरा घोयरा अजिबात नको. खेळती हवा, पूर्वेचं ऊन, मजल्यावर मोजकीच घरं: हे तर इथल्या कुठल्याही गृहप्रकल्पाच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं! प्रत्यक्षात वीस वर्षं हप्ते फेडणाऱ्याला समोरच्या विंगमधले वाळत घातलेले टॉवेल दिसतात आणि टँकर आला तर पाणी मिळतं. घोयरा वाटीतल्या पाण्याकडे सहसा ढुंकूनही पाहत नाही. पानावरचे थेंब चाटतो. टँकरचं पाणी पानापानावर फवारणाऱ्या सभासदाचं काय करायचं, यावर एक अख्खी सर्वसाधारण सभा रंगेल.

‘पण रंग बदलून तो आपल्याशी बोलतो ना?’ आपल्या शर्टाला शोभेलसा रंग तो घेत नाही. जिनिव्हाच्या संशोधकांनी 2015 साली घोयऱ्याच्याच जातकुळीतल्या पँथर शॅमेलिऑनच्या कातडीत दाखवलं, की पेशींतल्या सूक्ष्म स्फटिकांमधलं अंतर बदललं की रंग पालटतो. त्यामागे राग असतो, भीती असते, ऊन-थंडी असते. हातातलं पिल्लू काळवंडलं, की आपण ‘लाजलं’ म्हणत फोटो काढतो. ते घाबरलेलं असतं.

बोरी-बाभळी जेसीबीखाली चालल्यात, मग पिंजरा काय वाईट, या आक्षेपावर मात्र हसू येत नाही. मादी जमिनीत अंडी पुरून निघून जाते. माती उकरली की पुढची पिढीच उकरली जाते. पिंजऱ्यानं वाचला तर एक जीव वाचेल. त्यातही 1972च्या वन्यजीव कायद्यानं आपला घोयरा संरक्षित आहे, तो पाळणं गुन्हा. अडकलेला दिसला तर वनखात्याचा 1926 हा क्रमांक आहे. आणि प्लॉटच्या कडेला बाभळीची एक रांग राहू द्या म्हटलं, की लगेच पार्किंग कमी पडतं.